पाठ करून बसणारे भास्करराव

विषय : कै. भास्करराव पिंपळखुटे, निवृत्त हेडक्लार्क, यांच्या वागणुकीची हकीकत लिहून ठेवण्याबाबत.

लिहिणार : पुंडलिक राऊत, अर्जनवीस, तहसील आवारातील लिंबाखाली बसणारा.

जिचे नुकसान झाले ती : रंजना भगत, माहेर बोरी अरब, एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण.

ज्याच्यामुळे झाले तो : त्याच वसतिगृहाला किराणा पुरवणारा एक इसम. त्याचे नाव मूळ तक्रारीत आहे. येथे मी त्याला पुरवठादार म्हणेन.

ठिकाण व वेळ : आमच्या गावचे बसस्थानक, मागील उन्हाळ्यातला बाजाराचा दिवस, भर दुपार.

साक्षीदार : रांगेत पुष्कळ लोक होते. साक्ष देण्यास एकटे भास्करराव तयार झाले.

ही मांडणी अर्जाची आहे हे मला ठाऊक आहे. माझे शिक्षण नववीत थांबले. परंतु माझ्या मसुद्यात एखादे वाक्य जास्त झाले असे आजवर कोणत्याही साहेबाने म्हटलेले नाही. या तालुक्यातील निम्म्या भांडणांची सुरुवात माझ्या अक्षरात झालेली आहे. तरीही एका सज्जन माणसाविषयी लिहावयास बसलो तेव्हा कोठून आरंभ करावा हे सुचेना, म्हणून हाताला सवय असलेली वाट धरली. कारण ही हकीकत आठवण म्हणून लिहिलेली असली तरी तिच्या तळाशी एक तक्रार आहे, आणि ती नेमकी कोणाविरुद्ध आहे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

भास्करराव निवृत्त झाल्यावर रोज सकाळी माझ्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचावयास येत. धुतलेला पांढरा सदरा, काळी टोपी, उन्हाळा असो की नसो काखेत छत्री. कचेरीत नोकरी करणारे घराणे. वडील, आजोबा सगळे त्याच वाटेने गेलेले. परंतु मी त्यांना ओळखतो ते नोकरीवरून नव्हे. माणसाने माणसाशी चारचौघांत कसे वागावे याचा जो कायदा आपल्याकडे कोठेही लिहिलेला नाही, तो या गृहस्थाला तोंडपाठ होता आणि त्यांनी तो आयुष्यभर पाळला.

कोणीही टेबलाशी आले की ते उठून उभे राहत. फुलसावंगीकडचा गुराखी आला तरी उठत. आधी "या, बसा", मग पाणी, मग काम काय ते. निघालेल्या माणसाला "कुठे चालले" असे त्यांनी कधी विचारले नाही, "जाऊन येता ना?" असे म्हणत. पाठीमागून हाक मारीत नसत. हाक मारणे भागच असले तर म्हातारपणीही झपाझप चालून माणसाच्या पुढे जात, वळत, आणि मग बोलत. परक्याच्या घरात पाय ठेवण्याआधी असे खाकरत की आतल्या बायकांना पदर सावरून, पसारा आवरून, वाटले तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसण्याइतका वेळ मिळावा.

नमस्काराच्या बाबतीत त्यांचा नियम असा की समोरच्याचा जो नमस्कार, तोच आपला. जय भीमला जय भीम, जय सेवालालला जय सेवालाल, सलामाला सलाम. एकदा त्यांचे मेहुणे माझ्या टेबलाशी बसले होते. अर्ध्या तासात हे सगळे प्रकार ऐकून त्यांनी टोमणा मारला, "काहून भास्कर, तुले सोताचा रामराम काही उरला का नाही?"

भास्कररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "भाऊजी, दुसऱ्याच्या घरी जायचं असन तं त्याच्याच दारातून जावं लागते ना? का आपलं दार खांद्यावर घेऊन जाता तुम्ही?"

मेहुणे म्हणाले, "तू तं खिडकीतूनही जाशीन." आम्ही सगळे हसलो. भास्कररावही हसले, पण आवाज न करता. मोठ्याने हसणे त्यांना असभ्य वाटे.

आता त्यांच्या नजरेविषयी लिहितो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. परस्त्री समोर असली की भास्कररावांची मान खाली जाई. ती लाजून जात नसे; एखाद्याने टोपी काढावी तशी, सवयीने आणि आदराने जाई. बाईशी बोलताना ते तिच्या पायांपुढल्या मातीशी बोलत. माझ्याकडे अर्ज लिहावयास वर्षानुवर्षे येणाऱ्या बायांना ते आवाजावरून थोडेफार ओळखत, परंतु कोण गोरी, कोण सावळी, हे त्यांना सांगता आले नसते. स्वतःच्या पत्नीकडेही ते रस्त्यावर पाहत नसत. ते पुढे, त्या दोन पावले मागे, अशीच त्यांची चाल. एकदा यवतमाळच्या बाजारात काकू बांगड्यांच्या दुकानापाशी थांबल्या आणि हे आपले पुढे चालत, मागे न पाहता, घरच्या हळदीचे, पापडाचे, जावयाच्या मानपानाचे बोलत राहिले. मागून "हो", "बरं" असे येत होते. चौकात पोचल्यावर मागचा आवाज म्हणाला, "भाऊ, मानपानाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण माझं घर आलं आता. तुमची मंडळी मागं राह्यली वाटते." कोणी अनोळखी बाई होती. म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड नको म्हणून बिचारी हुंकार देत आली होती. हा किस्सा काकू स्वतः सांगत आणि भास्करराव ऐकताना कान लाल करून बसत.

खाली घातलेल्या मानेने एक चांगले कामही केले, ते न लिहिणे अन्यायाचे होईल. आवाराच्या फाटकापासून कचेरीच्या पायरीपर्यंत जी वाट आहे, तिच्या कडेला पुरुषांचे बाक होते. खेड्यावरच्या जुन्या बाया त्या बाकांपुढून जाताना चपला काढून हातात घेत. बसलेल्या पुरुषांपुढून पायात घालून जाऊ नये अशी त्यांच्याकडची रीत. वैशाखात ती जमीन तव्यासारखी तापते. आम्हा कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते. आमच्या नजरा वर होत्या. भास्कररावांना मात्र पायच दिसत. एका दुपारी त्यांनी एका म्हातारीला तापलेल्या मातीत टाचा उचलून चालताना पाहिले आणि उठून म्हणाले, "उठा रे सगळे. बाक फिरवा."

"काहून काका?"

"पाठ करून बसू. आपण पाहूनच नाही राह्यलो तं त्यायले चप्पल काढाची गरज नाही."

"म्हणजे आम्ही काय भिताडाकडे पाहून बसावं?" एक दलाल कुरकुरला.

"बस. भिताडाले कंटाळा नाही येत."

त्या दिवसापासून आमच्या आवारात पुरुष पाठ करून बसू लागले. बाया चपला घालून जाऊ लागल्या. मला त्या वेळी यापेक्षा मोठे सौजन्य ठाऊक नव्हते, आणि आजही ते लहान होते असे मी म्हणणार नाही. फक्त एकदा एक तरुण सून सासूबरोबर जाताना त्या पाठींकडे पाहून म्हणाली, "पाठ कायले करता जी? तोंड इकडे करा अन् म्हना ना, का बाई, चप्पल घालून जा." सासूने तिला दटावले. भास्करराव भिंतीकडे पाहत बसले होते. त्यांनी ऐकले, कारण त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले नाही.

आता मूळ घटना. बाजाराच्या दिवशी दुपारी भास्करराव दारव्ह्याला जाण्यासाठी बसस्थानकात रांगेत उभे होते. पुढे काही माणसे सोडून पुरवठादार उभा होता. दोघांची ओळख होती; थोड्याच वेळापूर्वी रामराम झाला होता. बस लागली तशी रांग मोडली आणि दाराशी गर्दी झाली. पुढे चढणाऱ्या बायांमुळे भास्कररावांनी रिवाजाप्रमाणे मान खाली घातली. आणि म्हणूनच, गर्दीत सहसा जे दिसत नाही ते त्यांना दिसले. पुरवठादाराचा हात. मनगटावर त्याचे पिवळ्या पट्ट्याचे घड्याळ. तो हात पुढच्या बाईच्या अंगावर जेथे जावयास नको तेथे गेला, थांबला, आणि त्याने चिमटा घेतला.

भास्कररावांनी तत्काळ तोंड फिरवले. बाईची अशी अवस्था पाहणे हेही त्यांच्या मते पापच होते. पाठीमागे आरडाओरड झाली, चपलेचा आवाज झाला, पुरुष ओरडला, लोक धावले. त्यांनी वळून पाहिले नाही. बाईचा तमाशा होत असताना सभ्य माणूस तेथे उभा राहून पाहत नाही, तो निघून जातो. ते घरी निघून गेले.

चप्पल मारणारी होती रंजना भगत. दोन दिवसांत पुरवठादाराने संस्थेकडे लेखी दिले की तुमच्या स्वयंपाकिणीने विनाकारण भर बसस्थानकात माझी बेअब्रू केली. संस्थेने रंजनाला कामावरून थांबवले आणि चौकशी लावली. ती माझ्याकडे उत्तर लिहून घेण्यास आली. तिला नवरा नाही, वसतिगृहाचीच खोली राहावयास, आणि मुलगी त्याच वसतिगृहात शिकते. नोकरी गेली तर खोली जाणार होती, मुलीचे तेथले राहणे जाणार होते. मी मसुदा केला. मसुदा चांगला होता. परंतु साक्षीदाराच्या जागी काय लिहावे?

"रांगेत कोण कोण होतं?" मी विचारले.

"लय होते. पन इचारलं तं सगळे म्हनते, आम्ही तिकडे पाहून नोतो राह्यलो."

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्र खाली आले. भास्करराव टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाले, "पुंडलिक, माझं नाव लिही. मी पाह्यलं."

रंजना उभी राहिली. मग म्हणाली, "जय भीम काका." त्यांनीही जय भीम केला, तिच्या पायांपुढल्या मातीला.

या गावात भास्कररावांचा शब्द म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. ज्या माणसाने कधी कोणा बाईकडे मान वर करून पाहिले नाही, तो एखाद्या पुरुषाविषयी असे म्हणतो, म्हणजे प्रश्न संपला. मी रंजनाला सांगितले की निश्चिंत राहा.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पुरवठादाराने उत्तरात नवीन गोष्ट घातल्याचे मला कळले होते. मी म्हणालो, "काका, तो म्हणते का त्याची बायको संगं होती. तिले बसमध्ये चढवाले त्यानं हात देल्ला. रंजना दुसरीच कोणी, तिनं येऊन उगाच मारलं."

"आधाराचा हात नोता तो."

"ते ठीक. पण बाई कोणती होती?"

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"काका, उद्या समोर रंजना बसलेली राहीन. एकदा मान वर करा, पाहा, अन् म्हणा का हीच."

"आज पाहून म्हणू का त्या दिवशी पाह्यली?"

"हीच होती हे तुमालेही माहीत, मलेही माहीत."

"तुले माहीत आहे, पुंडलिक. मले वाटते." त्यांनी पायांच्या अंगठ्यांकडे पाहिले. "वाटते अन् माहीत आहे, यात फरक ठेवला नाही तं त्याच्यात अन् माझ्यात काय राह्यलं?"

चौकशी संस्थेच्या कार्यालयात झाली. तिघांची समिती : अध्यक्ष, एक गृहस्थ, आणि एक शिक्षिका. रंजना एका खुर्चीवर, पुरवठादार दुसऱ्या, आणि मी अर्ज लिहिणारा म्हणून दाराशी. अध्यक्षांनी भास्कररावांना आदराने बसविले, चहा दिला, आणि विचारले, "तुम्ही काय पाहिलं ते सांगा."

"ह्यांचा हात अयोग्य जागी गेला."

"अयोग्य म्हणजे कुठे?"

भास्कररावांच्या कपाळावर घाम आला. खोलीत दोन बायका होत्या. त्यांच्या हयातीत असा शब्द त्यांनी बायकांसमोर उच्चारला नव्हता. मला तर वाटते पुरुषांसमोरही नाही. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "सांगा काका. आम्हाला चालेल." तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि सांगितले. शब्दाने सांगितले, जागेने सांगितले, चिमटा घेतला तेही सांगितले. सांगून झाल्यावर त्यांचे हात मांडीवर असे पडले होते जसे काही जड ओझे खाली ठेवले असावे. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

मग अध्यक्षांनी विचारले, "ती बाई हीच का?"

"त्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. पायात निळ्या पट्ट्याची चप्पल."

"माझ्या मंडळीचीही चप्पल निळीच आहे," पुरवठादार म्हणाला. "अन् हिरव्या बांगड्या तं सगळ्याच बाया घालते, साहेब."

"पिंपळखुटे साहेब, चेहरा?" अध्यक्षांनी पुन्हा विचारले. "ह्या बाई समोर बसल्या आहेत. पाहून सांगा."

भास्कररावांनी मान वर केली नाही.

"मी चेहरा पाह्यला नाही," ते म्हणाले. "मी परक्या बाईचा चेहरा पाहत नाही."

पुरवठादार हसला नाही. तो मुरलेला माणूस आहे. त्याने हात जोडून म्हटले, "काका सज्जन माणूस आहे साहेब. काकाच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे." आणि अध्यक्षांनी साक्ष लिहून घेतली : बाईची ओळख पटवता आली नाही.

बाहेर व्हरांड्यात रंजनाने त्यांना गाठले. मला वाटले ती ओरडेल. तिने पदर सारखा केला आणि हळू आवाजात बोलली, म्हणून मला अधिक भीती वाटली.

"काका, तुमी खोटं नाई बोलले, हे लय झालं. पन एक इचारू?"

"विचार, बाई."

"माझ्याकडे वाईट नजरेनं पाहनारा होता, त्यानं मले डोळे भरून पाह्यलं. तुमी चांगले होते, तं तुमी पाह्यलंच नाई. मंग माह्यासाठी चांगल्याचा काय उपेग झाला?"

भास्करराव मातीकडे पाहत राहिले, आणि मातीत त्या वेळी काही नव्हते.

संस्थेने रंजनाला कामावरून कमी केले. खोली रिकामी करण्याचे पत्र आले. मी फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. त्याला अद्याप उत्तर नाही. भास्करराव त्यानंतर आवारात फार आले नाहीत. आले तेव्हा एकदा बाकाजवळ थांबले, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पुरुषांकडे पाहिले, आणि मला म्हणाले, "पुंडलिक, पाठ करणारा मी होतो ना रे?" मी काही तरी समजूत घालणारे बोललो. ते मी येथे लिहीत नाही, कारण ते खरे नव्हते.

माझी त्यांची शेवटची भेट बसस्थानकात झाली. रंजना सामान घेऊन बोरी अरबला माहेरी निघाली होती. बरोबर मुलगी, दोन गाठोडी, एक कुकर. मी पोचवावयास गेलो होतो. इतक्यात फाटकातून भास्करराव आले. छत्री नव्हती, टोपी हातात होती. ते सरळ रंजनासमोर येऊन उभे राहिले. लोक पाहू लागले.

"बाई," ते म्हणाले, "तुमची हरकत नसन तं मले एकदा तुमच्या तोंडाकडे पाहू द्या."

रंजना गोंधळली. मग तिने पदर मागे सारला, हनुवटी थोडी वर केली आणि म्हणाली, "पाहा काका."

भास्कररावांनी मान वर केली. त्यांना ते जमेना. डोळे मिटत, भरून येत, खाली जात. ते पुन्हा वर नेत. उन्हाकडे पाहणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा आखडला होता. परंतु त्यांनी पाहिले. रंजनाच्या गालावरचा तीळ, ओठाजवळची जुनी खूण, डोळ्यांखालचा काळेपणा, सगळे सावकाश पाहिले. रंजनानेही नजर हटवली नाही. मुलगी आईचा हात धरून उभी होती.

"वळखलं का काका?" रंजनाने विचारले.

मला वाटले, आता हो म्हणतील. मला वाटले, म्हणावे.

"नाही," भास्करराव म्हणाले. "त्या दिवशी पाहाले पायजे होतं."

कंडक्टरने शिटी दिली. रंजना वाकली नाही, रडली नाही. "येतो काका," एवढेच म्हणाली आणि चढली. बस फाटकाबाहेर जाईपर्यंत भास्करराव खिडक्यांकडे तोंड करून, मान वर करून, उभे होते. थंडीच्या सुरुवातीला ते वारले.

सबब, वरील हकीकत सत्य असल्याबद्दल मी सही करतो, आणि विनंती करतो ती अशी की, समितीने माझ्या अर्जाचे लेखी उत्तर द्यावे आणि रंजना भगत यांचे म्हणणे पुन्हा ऐकून घ्यावे. तसेच त्या दुपारी त्या रांगेत जे जे उभे होते आणि ज्यांनी भास्कररावांप्रमाणे मान खाली घातलेली नव्हती, ज्यांना चेहरा दिसला, हात दिसला, आणि जे आज सांगतात की आम्ही तिकडे पाहत नव्हतो, त्यांनी माझ्या टेबलाशी यावे. मी उठून उभा राहीन, पाणी देईन, आणि साक्ष लिहून घेण्याबद्दल काही घेणार नाही. आपण येणार की नाही, याचे उत्तर मिळावे, ही विनंती.

सही,
पुंडलिक राऊत, अर्जनवीस